दोन तास चाळीस मिनिटं

किलोमीटरचं आणि शिवणवाल्या बाईंचं काहीतरी होतं, अशी कुजबुज आमच्या रस्त्यावर बरीच वर्षं चालू होती. बाई समोरून येताना दिसल्या की हा गडी रस्ता ओलांडायचा, नाहीतर चपलांच्या दुकानात शिरून उगाच बुटांचे भाव विचारायचा. लोकांना एवढं पुरतं. थोडं तिखटमीठ मीही लावलं, खोटं कशाला बोलू?

किलोमीटर म्हणजे विमानाच्या तिकिटांच्या दुकानातला कारकून. कुठल्याही दोन शहरांची नावं घ्या, हा डोळे मिटून अंतर सांगणार, वर उड्डाणाला किती वेळ लागेल तेही. स्वतः विमानात कधी बसला नव्हता. बायको म्हणायची, "जगाची अंतरं तोंडपाठ, पण ताटापासून मोरीपर्यंतचं यांना झेपत नाही."

एकदा शिवणवाल्या बाई धावतपळत आल्या. मोजपट्टी गळ्यात तशीच. परदेशी राहणाऱ्या थोरल्या बहिणीचं दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते.

"फोनवर नुसती घरघर ऐकू येते, दादा. तोंडाशी कान नेला तरच शब्द कळतात म्हणे. उद्यानंतर तेही नाही. चारच्या आत मला तिच्याजवळ पोचवा."

"एकोणीसशे किलोमीटर. दोन तास चाळीस मिनिटं," किलोमीटर म्हणाला. "बाराचं विमान घ्या, ताई."

"सकाळी सहाचंही आहे ना?"

"पहाटे कशाला धडपडता? बाराला निघालात की दोन-चाळीसला तिथे."

तिकीट हातात आल्यावर बाई थबकल्या. "दादा, इथे पोचायची वेळ चार-चाळीस छापलीय."

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. एकाने चिमटा काढला, "काय किलोमीटर, दोन तास खाल्लेस की काय?"

झालं! ह्याने पेन काढलं, छापील चारावर काट मारली आणि वर ठसठशीत दोन लिहिला. "चूक छापणाऱ्याची. आमची होत नसते." सगळे हसले. बाईही हसल्या.

दुसऱ्या दिवशी साडेबारा वाजता त्याच शहराला फोन लावायचा म्हणून एका गिऱ्हाइकाने विचारलं, "तिथे आत्ता किती वाजले असतील?"

"अडीच," किलोमीटर सवयीने म्हणाला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तिथलं घड्याळ दोन तास पुढे. बाई तेव्हा आकाशात होत्या.

महिन्याने त्या दुकानात आल्या. मालकाने सगळ्यांदेखत विचारलं, "काय बाई, भेटलात ना बहिणीला वेळेवर?"

बाईंनी किलोमीटरकडे पाहिलं. हा खणात टाचण्या शोधत होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिला आत नेलं होतं. विमानाला उशीर झाला."

तेव्हा तरी ह्याने तोंड उघडावं की नाही? उघडलं. मान वर न करता म्हणाला, "होतं असं, ताई. हवा खराब असेल."

हे त्यानेच मला सांगितलं, म्हातारपणी, माझ्याकडे पाठ करून.

त्यांच्यात लफडं वगैरे काही नव्हतं. विमान वेळेवर पोचलं होतं. ते दोघांनाही माहीत होतं. त्याने बाईंची माफी कधीच मागितली नाही.