चहाच्या डब्यावरचा सेन्सर

मी सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं की बायको आधी गॅसचा नॉब बघते आणि मग मेन स्विचजवळ जाऊन उभी राहते. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. माझी नोकरी केमिकल कारखान्यात, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. तिथे मी लावलेल्या सेटिंगवर मोठमोठे व्हॉल्व्ह उघडतात नि मिटतात, आणि आजवर कुणाच्या केसाला धक्का लागलेला नाही. घरी मात्र मी हात लावीन त्याची माती. टाकी भरली की वाजणारा भोंगा केला, तो टाकी रिकामी असतानाच बोंबलायचा. आपोआप झुलणारा हिंचका केला, तर त्याने पहिल्याच दिवशी आमच्या व्याह्यांना चहाच्या कपासकट जमिनीवर उतरवलं. व्याही सज्जन माणूस, हसले. बायको अजून हसलेली नाही.

असा मी, आणि मी आईच्या जिवाची काळजी एका सर्किटवर सोपवली!

आई ऐंशीच्या घरात. दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. आम्ही त्याच शहरात, पण लांब मांजलपूरला. "आमच्याकडे ये" म्हटलं की तिचं उत्तर तयार, "तुमच्याकडे देवळाची घंटा ऐकू येत नाही, आणि त्या हिंचक्यावर मी बसायची नाही." मग मी रोज सकाळी कारखान्याची बस येईपर्यंत तिला फोन करायचो. पण एखाद्या दिवशी ती पडली आणि फोन हाताशी नसला तर? ही धास्ती मला आंघोळ करताना, जेवताना, मीटिंगमध्येसुद्धा असायची.

उपाय सुचला तो चहाचा. आई उठली की पहिलं काम चहा. त्यात खाडा नाही. तेव्हा तिच्या चहाच्या डब्याच्या झाकणाला एक चुंबक आणि शेजारी छोटा सेन्सर बसवला. झाकण उघडलं की माझ्या मोबाइलवर हिरवी टिक यायची. सातपर्यंत टिक आली नाही, तर माझ्या फोनवर भोंगा वाजणार, आणि त्याबरोबर नागपूरला बहिणीला आणि आईच्या खाली राहणाऱ्या गुजराती काकांना मेसेज जाणार.

आईने चष्मा लावून ते सगळं नीट पाहिलं. "म्हणजे डबा उघडला की मी जिवंत?"

"तसंच काही नाही गं..."

"तसंच आहे. बरं, चालेल."

दोन महिने टिक अशी बिनचूक यायची की मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला. कॅन्टीनमध्ये जो समोर बसेल त्याला मी मोबाइल काढून दाखवायचो. "बघा, मातोश्रींनी चहा घेतला." बहिणीला, साडूंना, व्याह्यांना, कुणाला म्हणून सोडलं नाही.

मग गणपती आले. आमचा दीड दिवसाचा गणपती आईकडेच बसतो. पहिल्या दिवशी आरती, मोदक सगळं उरकून आम्ही रात्री घरी परतलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जनाला परत जायचं होतं. सकाळी सात वाजता माझा मोबाइल कोकलायला लागला. टिक नव्हती. आईला फोन लावला, उचलला नाही. परत लावला, नुसतीच रिंग.

बायको मागून काहीतरी ओरडत होती, पण ते ऐकायला थांबलो नाही. दार तोडावं लागेल म्हणून हत्यारांची पेटी उचलली आणि स्कूटर पळवली. दांडिया बाजारात पोचलो तर काका जिन्यात पहार घेऊन उभे. "शूं थयुं, भाई? बा दरवाजो नथी खोलतां!" समोरच्या देवळातले दोघे, दूधवाला, सगळे वर आले होते. मी पेटी उघडली. आत मोबाइल खोलायचे नखाएवढे स्क्रू ड्रायव्हर. घाईत चुकीची पेटी आणली होती. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पहार उचलली.

तेवढ्यात कडी निघाली. दारात आई. केस ओले, हातात आघाड्याच्या काड्या.

"अरे, आंघोळसुद्धा सुखाने करू देणार नाही का तुम्ही?"

ऋषिपंचमी होती! त्या दिवशी आघाड्याच्या काड्यांनी दात घासून तिची लांबलचक आंघोळ चालते, आणि नांगरलेल्या जमिनीतलं काही तिला चालत नाही. म्हणजे साखर नाही, आणि साखर नाही म्हणून चहा नाही. माझ्या लहानपणापासून हे असंच चाललंय. त्या दिवशीच्या ऋषीच्या भाजीवर मी दरवर्षी आडवा हात मारतो. कारखान्यातल्या रिअॅक्टरला सुट्टीचे दिवस असतात ते मी प्रोग्रॅममध्ये घालतो, आणि सख्ख्या आईचा उपास घालायला विसरलो. बायको मागून तेच ओरडत होती, हे मला घरी गेल्यावर कळलं.

व्हायची ती शोभा झालीच. काका पहार खाली ठेवता ठेवता म्हणाले, "भाई, हवे मशीनने पंचांग पण जोडजो!" म्हणजे यंत्राला आता पंचांगही जोड. सगळे खदखदून हसले. आई मात्र हसली नाही. मी मान खाली घालून ते स्क्रू ड्रायव्हर एकेक करून पेटीत भरत होतो, ते ती बघत होती.

त्यानंतर मी उपासांचे दिवस घातले आणि यंत्र पुन्हा बिनचूक झालं. इतकं बिनचूक की मी सकाळचा फोन करणंच सोडलं. टिक दिसते, मग फोन कशाला? असं माझं मलाच पटलं होतं.

उत्तरायण झालं. तारांवर अजून कापलेले पतंग लोंबत होते. बायको तिळगूळ आणि उंधियू घेऊन आईकडे गेली आणि तिथून तिचा फोन आला. "ताबडतोब या. आई तापाने फणफणल्यात. तीन दिवस झाले. गुडघे सुजलेत, उभं राहवत नाहीये. खालच्या काकी खिचडी देतायत, पण तुम्हाला कळवायचं नाही असं आईंनी त्यांना बजावलंय."

मी मोबाइल उघडला. तिन्ही दिवस हिरव्या टिका, सातच्या आत.

गेलो. डॉक्टर येऊन गेले, औषधं आणली. ओट्यावर चहाचं पातेलं कोरडं ठणठणीत. मग माझा तोल सुटला. "चहा केला नाहीस, मग टिक कशी येत होती?"

"भिंतीला धरून जायचे. डबा उघडायचा, लावायचा आणि येऊन पडायचं."

"अगं पण का? त्याच्यासाठीच तर लावलाय ना तो! तुला बरं नसेल तर मला कळावं म्हणून!"

"ओरडू नकोस. त्या दिवशी चारचौघांत तुझी केवढी फजिती झाली. तू सगळ्यांना सांगत फिरतोस, माझं मशीन चालतं म्हणून. परत खोटं पडायला नको." मग पांघरुणातून हात काढून म्हणाली, "आणि साधा ताप तर होता."

मला रडू आलं. छप्पन्न वर्षांचा घोडा मी, बायकोसमोर हमसून हमसून रडलो. आजारी आई उठून माझ्या खेळण्याची लाज राखत होती, आणि मी कॅन्टीनमध्ये तिच्या टिका दाखवत होतो. पूर्वीसारखा फोन केला असता तर आवाजावरूनच कळलं असतं.

"काढून टाकतो हे सगळं," मी म्हणालो.

"काढू नकोस. माझ्याकडे एक दिवा लाव. तू सकाळी तुझा चहाचा डबा उघडलास की लागेल असा. तुला बीपी आहे, साखर आहे. तू उठलास की नाही, हे मला कोण सांगणार?"

तो दिवा मी केला. तिच्या ओट्यावर हिरवा लागतो, आणि माझ्या हातून झालेली ही एकमेव वस्तू पहिल्या दिवसापासून धड चालते. सकाळचा फोनही परत सुरू झाला, फक्त आता तोही तीच करते. माझ्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम तिने बायकोला परस्पर देऊन टाकला. त्यामुळे जन्मात पहिल्यांदा मी रोज उठून चहा करतो. बायकोच्या मते माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात उपयोगी शोध आहे.

गेल्या आठवड्यात मलाच ताप भरला. सकाळी डोकं उचलवत नव्हतं.

"पडून राहा," बायको म्हणाली. "डबा मी उघडते."

"नको, ते खोटं होईल," मी म्हणालो. भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेलो, डबा उघडला, लावला आणि येऊन पडलो. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती.

लगेच फोन वाजला.

"लागला हं दिवा," आई म्हणाली. "आज उशीर केलास. चहात आलं घातलंस ना?"

"हो, घातलं," मी म्हणालो, आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.