बऱ्या माणसांच्या गटातल्या मॅडम

"बघा, मी आहे की आत," असा मशीनच्या बोगद्यातून मॅडमचा आवाज यायचा आणि बाहेर घाबरून उभा असलेला माणूस जरा सैल व्हायचा. चपला काढून, ओढणी पोटावर गोळा करून त्या आधी स्वतः एमआरआयच्या फळीवर आडव्या व्हायच्या. एवढ्या शिकलेल्या बाई अशा झोपून दाखवताना तुम्हीही पाहिल्या नसतील.

मी सोलापुरातल्या एका स्कॅन सेंटरवर मशीन चालवते. रविवारी ते मेडिकल कॉलेजातल्या या मॅडमच्या संशोधनासाठी मोकळं असायचं. सतत काळजी करणाऱ्या, मन खचलेल्या माणसांच्या मेंदूचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले असतात, हा त्यांचा विषय. मला काही कळेना तेव्हा म्हणाल्या, "अगं, मेंदूतले भाग एकमेकांना फोन लावत असतात. काळजीवाल्यांचा एकदा लागला की कुणी ठेवतच नाही." त्या दिवसापासून मी माझ्या नवऱ्याकडे जरा दयेनं पाहते.

आत पडल्यावर काहीच करायचं नसतं. "मनात येईल ते येऊ द्या," असं मॅडम प्रत्येकाला सांगायच्या. मंद्रूपच्या एक मावशी मात्र बाहेर आल्या त्या मोठ्या समाधानानं. "म्या निस्ता देवाचा जप केला. दुसरं कायबी येऊ दिलं न्हाय." का, म्हणून विचारलं तर माझ्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मनात लई काय काय येतं, बाई. सासूचं बी येतं. तितं दिसलं म्हंजी?"

तो स्कॅन फुकट गेला. मी हसून बेजार झाले. मॅडम हसल्या नाहीत. "बरोबर आहे त्यांचं," एवढंच म्हणाल्या.

तुलनेसाठी बऱ्या माणसांचेही स्कॅन लागतात. त्या गटात पहिलं चित्र मॅडमनी स्वतःचं घातलं होतं. कुणाला शंका यावी असं त्यात काही नव्हतंच. इस्त्रीचा ड्रेस घालून जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटवरून स्कूटर दामटत यायच्या, आल्या आल्या वॉचमनपासून सगळ्यांना जेवलात का म्हणून विचारायच्या. स्वतः जेवल्यात का, हे आम्ही कधी विचारलं नाही.

एका रविवारी ठरलेला पेशंट आलाच नाही. "माझाच परत काढ," म्हणत मॅडम आत गेल्या. थोड्या वेळानं चित्रं धूसर यायला लागली. मी माइकवर म्हटलं, "मॅडम, डोकं हलतंय."

"रडतेय अगं. तू चालू ठेव."

मी मशीन थांबवून आत धावले. फळी बाहेर घ्यायला बटणाकडे हात नेला, तर म्हणाल्या, "राहू दे थोडा वेळ. बाहेर सगळ्यांना मी धडधाकटच लागते." मग म्हणाल्या, "त्या गटातून माझं चित्र काढून टाकायला हवं."

मनाच्या डॉक्टरांकडे चला, असं मी किती दिवस मागे लागले. "कुणाकडे? गावातले सगळे डॉक्टर मला पेशंट पाठवतात. त्यांच्यापुढं कोणत्या तोंडानं बसू?" यात लाजायचं काय, असं दुसऱ्यांना रोज सांगणारी ही बाई! मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

शेवटी विजापूर ठरलं. तिथं आपल्याला कोण ओळखतंय, म्हणून एसटीनं निघालो. वाटेत त्यांनी मला शब्द दिला, सगळं सांगेन, काही लपवणार नाही. दवाखान्यात नाव माहेरचं लावलं. नंबर येईपर्यंत माझा हात धरून बसल्या होत्या.

आत गेलो तर तरुण डॉक्टर खुर्चीतून उठूनच उभा राहिला. "मॅडम, तुम्ही? तुमचं भाषण ऐकलंय मी. बसा ना."

त्यानं चहा मागवला. बघता बघता मॅडमचा आवाज बदलला. संशोधन कुठवर आलं, मशीन कसं चालतं, मंद्रूपच्या मावशी, सगळं रंगवून सांगितलं. मी दोनदा कोपरानं ढोसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. दारापर्यंत सोडायला आल्यावर डॉक्टरनं विचारलं, "माझ्याकडे काही काम होतं का?"

"छे, सहज आलो होतो."

परतीच्या एसटीत त्यांनी माझंही तिकीट काढलं. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी अजून लांब जाऊ."

ती वेळ आली नाही. काही दिवसांनी त्यांनी नोकरी सोडल्याचं कळलं. फ्लॅटला कुलूप, फोन बंद. कुणी म्हणतं बहिणीकडे गेल्या, कुणी म्हणतं परदेशात. कुठंही असोत, तिथल्या डॉक्टरला त्यांचं नाव ठाऊक नसावं, एवढंच मी मागत असते.