मागे राहिलेली चप्पल

"अहो, चप्पल!" मंडईतून परतताना बायको मागून ओरडली. वळून पाहिलं, तर माझी डावी चप्पल दहा पावलं मागे रस्त्यात एकटीच पडली होती. पायातून ती कधी गेली, मला कळलंच नव्हतं. "तिला भाजी घ्यायची असेल अजून," मी म्हणालो. बायको हसली नाही. मला मधुमेह होऊन दहा वर्षं झालीत, हे तिच्या लक्षात असतं.

दुसऱ्या दिवशी बायकोसमोरच डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला लावले. तळव्याला बारीक तार टेकवीन, कळली की हो म्हणा, म्हणाल्या. मी शाळेतल्या हजेरीसारखा ठेक्यात हो म्हणत गेलो.

"काका, मी अजून सुरूच केलं नाही."

मग त्यांनी समजावलं, की साखर, हृदय, मूत्रपिंड ही वेगवेगळी दुखणी नाहीत, असं आता नवं संशोधन सांगतं. ही एकाच घरातली माणसं, एकाचं बिनसलं की सगळ्यांचं बिनसतं. मी त्यालाही हो म्हणालो. पंचवीस वर्षांच्या संसारात मी पेपरातून मान न काढता असाच हो म्हणत आलोय. त्यातलं आतपर्यंत किती पोचलं, कोण जाणे.

संध्याकाळी बायको पायाशी येऊन बसली. "मिटा डोळे. आणि आता खरं सांगा."

मी शहाण्यासारखा गप्प राहिलो. बराच वेळ गेला.

"अगं, सुरू कर की," शेवटी मी म्हणालो.

आणि डोळे उघडले. तिचा हात माझ्या डाव्या तळव्यावर होता.