सरजाबाईनं गाणं उचललं

भोकरच्या सरजाबाईला धाकट्या बहिणीचं, विशाखाचं, सगळं सोसायचं, पण गाण्याचं सोसायचं न्हाई. गळा सरजाबाईचा. निंदताना तिनं गाणं म्हणलं की शेजारच्या रानातल्या बायांची खुरपी थांबायची. विशाखाचा आवाज बेताचाच. पण सरजाबाईचं पंधराव्या वर्षी लगीन झालं आणि विशाखा गेली नांदेडला, कॉलेजात. संगीत घेतलं म्हणली, तर बाप म्हणाला, "त्याची का परीक्षा ऱ्हाती व्हय?"

ऱ्हाती. त्याच परीक्षेवर विशाखा लातूरच्या एका शाळेत संगीताची बाई झाली. चौतीस वर्षं पेटीपुढं बसून तिनं लोकांच्या पोरी गात्या केल्या. सरजाबाईच्या हाती खुरपंच. "गळा माझा, अन् पगार हिला," ती मनात म्हणायची; कधी मोठ्यानंही.

यंदा विशाखा रिटायर झाली. गावच्या विहारात सत्कार ठेवला. सरजाबाईनं ठरवलंच होतं, आज कळू दे सगळ्यांना खरी गाणारी कोण. हार घालून झाल्यावर लोकांनी सरजाबाईला एक भीमगीत म्हणायला लावलं. विशाखा पेटीवर बसली, पुतण्या संघपाल ढोलकीवर.

"आक्का, कोणती पट्टी धरू?"

"तू शिकलीस न्हवं? ये माझ्यामागं!"

सूर न घेताच सरजाबाईनं गाणं उचललं, ते थेट वरून. माणसं सरसावून बसली. धृपद झालं आणि तिला घाम फुटला. कडवं त्याच्याही वर जाणार, अन् पासष्टीचा गळा तिथं फाटणार.

पण विशाखाची पेटी धृपद-कडव्यामधला तुकडा सोडेचना. वाजवत वाजवत विशाखानं सूर दोन पट्ट्या खाली आणला आणि 'आता घे' म्हणून मान हलवली. कडवं अलगद गळ्यात बसलं. टाळ्या पडल्या. लोकांना काही कळलं न्हाई.

सरजाबाईला कळलं, आणि अंगाचा तिळपापड झाला. जेवताना तिनं विचारलंच, "माझा गळा कुठं फाटतो, कधीपासनं ठावं हाय तुला?"

"कॉलेजात होते तेव्हापासनं. सुट्टीत आले की तुझीच गाणी पेटीवर काढायची. त्यावरच हात बसला."

"मग बोलली न्हाईस ते?"

"तुला सांगायची टाप हाय का कुणाची?"

सरजाबाईनं घास गिळला. "जेव लवकर. मला आणखी एक म्हणायचंय." मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "मघाची पट्टी कोणती गं? गावाला सांगू नको. मला सांग."