बाईंच्या वजनाची सायकल

सदाशिव पेठेत मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो, त्या निवृत्त शिक्षिका आहेत. गल्लीतले सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पासष्टी उलटल्यावरही त्या रोज सकाळी टेकडीवर सायकल चालवायला जातात, हे कळलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. आमच्या वर्ध्याकडच्या गावात दगडधोंड्यांच्या उतारावरून सायकल घालणारा तरुण मुलगाही मी पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी टेकडीच्या उतारावर पडून बाईंचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण या हाताला आता हादरे बसता कामा नयेत, असं डॉक्टरांनी बजावलं. बाईंनी जुनी सायकल मला देऊन टाकली. "चालवत राहा, नाहीतर गंजेल." स्वतःसाठी त्यांनी पुढे आणि मागे, दोन्हीकडे हादरे झेलणारं सस्पेन्शन असलेली सायकल घ्यायचं ठरवलं. "हिच्यावरही दुखलं तर टेकडी बंद," त्या म्हणाल्या. "मग सकाळी बागेत हास्यक्लबला जाईन." हास्यक्लब हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की मला काळजी वाटायला लागली.

मी इंजिनिअरिंगला आहे, म्हणून दुकानात त्यांनी मला बरोबर नेलं. खरं तर मला फारसं कळत नव्हतं. माहितीपत्रकात 'ट्रॅव्हल' असं लिहिलं होतं. आमच्याकडे ट्रॅव्हल्स म्हणजे संध्याकाळी पुण्याला सुटणारी खासगी बस. मी तसं म्हणालो, तर बाई हसल्या नाहीत. खाली बसून त्यांनी पुढचं चाक दाखवलं. "दगड आला की चाक किती वर जाऊ शकतं, ते म्हणजे ट्रॅव्हल. कमी असेल तर सायकल हलकी पण कडक. खूप असेल तर उड्या मारा, पण चढावर ओझं."

दुकानदार तेवढ्यात आले. "मॅडम, नातवासाठी बघताय का?"

"नातवाला सायकल येत नाही. माझ्यासाठी."

"मग पुढे बास्केटवाली दाखवू?"

"भाजी आणायची असेल तेव्हा येईन. आत्ता मधल्या ट्रॅव्हलची दाखवा. मला चढायचंही आहे. वरपर्यंत जीपमधून सोडणारं कोणी नाही."

यानंतर दुकानदार त्यांच्याशी अगदी अदबीने बोलायला लागले. बाईंनी तीन सायकली बाहेर काढायला लावल्या आणि प्रत्येकीवर उभं राहून, ब्रेक दाबून बघितला. रंगाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. शेवटी एकशे तीस मिलिमीटर ट्रॅव्हलची, सगळ्यात लहान मापाच्या फ्रेमची सायकल घेतली.

पहिल्या सकाळी मी त्यांच्या मागे होतो. चढ छान झाला. उतारावर थोडं गेल्यावर बाई थांबल्या, खाली उतरल्या आणि सायकल हातात धरून चालायला लागल्या. मनगट सुजलं होतं. घरी जिन्यापाशी आल्यावर म्हणाल्या, "विकून टाकू. तू गिऱ्हाईक बघ."

दुपारी मी ती सायकल नीट पाहिली. मागच्या शॉकच्या, म्हणजे हादरे झेलणाऱ्या नळीच्या, दांड्यावर एक रबरी कडी असते. शॉक जितका दबतो तितकी ती सरकते. दगडांवरून तेवढं उतरूनही ती जेमतेम नखभर सरकली होती. म्हणजे सस्पेन्शन जवळजवळ दबलंच नव्हतं. पुढच्या शॉकचंही तेच. दोन्हींत हवा फार होती. ही हवा चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची असते, एवढं मी वाचलं होतं. दुकानदारांना फोन केला.

"अरे, बाईमाणसाला वजन कसं विचारायचं?" ते म्हणाले. "त्यात त्या शिक्षिका. अंदाजाने भरली. बोलण्यावरून वजनदार वाटल्या."

आता विचारणं माझ्यावर आलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गात शंका असली तरी माझा हात वर जात नाही. बाईंनी चहा दिला, तो संपला, कप विसळून झाला, तरी माझं धाडस होईना. शेवटी कपाकडे बघतच म्हणालो, "बाई, आपलं वजन किती?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का रे? स्थळ आणलंयस?"

मी दुकानदारांचं बोलणं सांगितलं. वजनदार हा शब्द ऐकून त्यांना खूप हसू आलं. "बेचाळीस किलो. हेल्मेट, बाटली धरून चव्वेचाळीस. विचारलं असतं तर दुकानातच सांगितलं असतं की."

मग दुकानातून छोटा पंप आणला. बोळात बाई भिंतीला हात टेकून सायकलवर बसायच्या, उतरायच्या, मी दोन्हीकडच्या कड्या बघून हवा सोडायचो. अंगाखाली सायकल थोडी बसली पाहिजे, शॉक जेवढा दबू शकतो त्याच्या साधारण पाव भाग. बसायला लागली तसा बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी लगेच पुढच्या गोष्टी ठरवल्या. हातातून न घसरणारी, हँडलची बारीक मूठ, बोटाजवळ ओढून घेतलेला ब्रेक, रुंद टायर आणि हँडलवरचा खटका दाबला की सीट खाली जाते तो दांडा. प्रत्येक वस्तू त्या आधी हातात धरून बघायच्या, मनगट वळवायच्या, मगच हो म्हणायच्या. एक महागडं हँडल दुकानदारांनी आग्रहाने दाखवलं, ते त्यांनी परत दिलं. "माझ्या खांद्यांपेक्षा रुंद आहे हो."

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. उतार सुरू होताना बाईंनी सीट खाली घेतली आणि ब्रेक सोडला. मागून मला सगळं दिसत होतं. चाकं दगडांवरून वरखाली होत होती आणि त्यांच्यावर बाईंची पाठ जवळजवळ स्थिर होती. जुन्या सायकलवर माझे दात वाजत होते. एका वळणावर मी घाबरून पाय टेकला. त्या टेकणाऱ्यांतल्या नाहीत, हे मला तिथे उभ्या उभ्या समजलं.

खाली पोचलो तेव्हा त्या ग्लोव्ह काढून मनगट फिरवून बघत होत्या, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग त्यांनी बोटांची मूठ केली आणि घट्ट आवळली.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. सीट वर घेऊन त्यांनी सायकल चढाकडे वळवली. "चल, अजून एकदा."