काही ठिकाणी धुके

आमचे हे वेधशाळेत. सव्वीस वर्षं झाली. सुट्टीचा आठवडा जवळ आला की आमच्या भागाचा प्रवासाचा अंदाज हेच लिहितात: पाऊस कुठे, वारा कुठे, घाटातला रस्ता कसा राहील. लोक हौसेने बॅगा भरत असतात आणि हे घरात कुणाशी धड बोलत नाहीत. ते चार दिवस मी त्यांना मीठ लागतंय का हेही विचारत नाही.

तीन वर्षांपूर्वी ह्यांनी छातीठोकपणे लिहिलं होतं, 'मुसळधार पाऊस, प्रवास टाळावा.' निम्म्या गावाने बेत रद्द केले आणि आठवडाभर असं ऊन पडलं की मी घरातल्या सगळ्या गाद्या वाळवून घेतल्या. आमच्या खालीच टेलरमास्तरांचं दुकान, त्यामागे त्यांचं घर. माणूस मोठा मिश्कील. त्यांनी ह्यांचं नाव ठेवलं, 'छत्रीवाले'. अख्ख्या इमारतीने ते उचललं. भाजीवालासुद्धा मला 'छत्रीवालीणबाई' म्हणायला लागला. हे वरवर हसायचे, पण त्यांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून ह्यांच्या लिहिण्यात 'काही ठिकाणी' आणि 'शक्यता' ह्यांचा सुळसुळाट झाला.

ह्या वर्षी बुधवारी जेवताना हे म्हणाले, "शनिवारी सकाळी घाटात हात पुढे केला तर स्वतःचा हात दिसणार नाही." दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर, 'घाट परिसरात काही ठिकाणी धुके पडण्याची शक्यता.'

"साहेबांनी बदललं?" मी विचारलं.

"नाही. मीच."

"का?"

"नाही पडलं तर?"

एरवी मी ह्यांचं एक वाक्य धड पुरं होऊ देत नाही. त्या दिवशी मी म्हणाले, "बरं केलंत." छत्रीवालीणबाई ऐकून माझेही कान किटले होते. हे मी आज लिहितेय, कारण दोष एकट्या ह्यांच्या पदरात टाकून मोकळं होणं मला सोपं होतं.

त्याच संध्याकाळी ह्यांनी बहिणीला फोन केला. ती मुलाबाळांसकट आमच्याकडे यायची होती. "शनिवारी घाट बारानंतर चढायचा. सकाळी गाडी बाहेर काढायची नाही, सांगून ठेवतो." शेजारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. प्रत्येक शब्द ऐकला.

शुक्रवारी संध्याकाळी मास्तर वर आले, ह्यांची पँट घेऊन. खालून दुमडून हवी होती.

"काय छत्रीवाले, उद्या सकाळी सहाला निघतोय. सासुरवाडीला. आभाळ काय म्हणतंय?"

"पेपरात दिलंय ना, मास्तर. काही ठिकाणी धुकं."

"काही ठिकाणी म्हणजे आमचं ठिकाण सोडून!" मास्तर खदखदून हसले.

हे पँटची शिवण निरखत बसले. शिवणीत निरखण्यासारखं काही नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे वर बघेनात. जिभेवर आलं होतं माझ्या. पण हे गप्प असताना मी बोलले तर हे खोटे पडतील, आणि धुकं पडलंच नाही तर वर्षभर जिन्यात टिंगल होईल, असं सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. मी म्हणाले, "पाणी देऊ का, मास्तर?"

ते पाणी प्यायले, पेला जागेवर ठेवला आणि गेले.

शनिवारी दहाला बातमी आली. घाटातल्या वळणावर बंद पडलेला ट्रक त्यांच्या गाडीला दिसलाच नाही. मास्तरांच्या बायकोला खरचटण्यावर निभावलं. मास्तरांचा उजवा हात दारात चेंगरला. हाडं पुढे जुळली, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वळत नाही. शिवणाऱ्या माणसाचा उजवा हात.

तीन वाजता नणंद सुखरूप पोचली. जिन्यातूनच ओरडली, "दादा, तुझ्यामुळे वाचलो रे!" खाली मास्तरांच्या दुकानाला कुलूप होतं. ह्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली, आत ठेवली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. मी चहा ओतला तो अर्धा बशीत.

मास्तर घरी आले तेव्हा लोक भेटायला यायचे आणि हमखास म्हणायचे, ह्या वेधशाळेचं काही खरं नाही. मास्तरच त्यांना अडवायचे. "छत्रीवाल्यांना बोल लावू नका. त्यांनी धुकं लिहिलंच होतं. आमचंच नशीब." हे चपला हातात घेऊन जिना चढायला लागले. ती पँट कपाटात तशीच पडली. महिना गेला. शेवटी एका सकाळी मीच म्हणाले, "चला खाली. मीही येते."

मास्तर दुकानात बसले होते. डाव्या हाताने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न चालला होता. ह्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "बहिणीला सांगितलं, दुपारी निघ. तुम्हाला नाही सांगितलं. तुम्ही हसाल म्हणून."

मास्तरांनी सुई खाली ठेवली. मग त्यांनी ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पाणी आणलंत तेव्हा?"

"तेव्हाही."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी सुई आणि रीळ माझ्यापुढे सरकवलं. "ओवून द्या. मला जमत नाही."

तेव्हापासून रोज सकाळी मी खाली जाते आणि डझनभर सुया ओवून ठेवते. बायको शिवते, मास्तर शेजारी बसून सांगतात. ह्यांचा अंदाज आता रोखठोक असतो. दोनदा सपशेल चुकला, लोक हसले, ह्यांनी ऐकून घेतलं. मास्तर हसले नाहीत. छत्रीवाले म्हणणंही त्यांनी सोडलं, आता 'साहेब' म्हणतात.

सुया ओवून झाल्या की मी न विचारताच सांगते, "उद्या दुपारनंतर पाऊस आहे हं, मास्तर."

"असं का," मास्तर म्हणतात. मग उठतात, दारात जातात आणि मान वर करून स्वतः आभाळ बघतात.