ज्वारीतला फोन

संकटाला पाठ दाखवण्याची परीक्षा असती, तर तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ अख्ख्या सेनगाव तालुक्यात पहिले आले असते. फक्त परीक्षेच्या दिवशी ते घरी सापडले नसते.

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला विचारत होतात, आजी, टेन्शन आलं की तू काय करतेस? माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. चहा संपला की कप तिथल्या तिथे विसळून पालथा घालायचा, तसंच टेन्शनचंही. पण याच्या बरोबर उलट पद्धतही जगात आहे आणि तिचा सगळ्यात मोठा जाणकार आपल्याच घराण्यात निघाला. मी त्यांना भाऊजी म्हणते. गोरेगावात आपल्या घरापासून चार घरं सोडून ते राहतात. त्यांची बायको गेली तेव्हा वर्षा लहान होती. ही वर्षा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, तुमची आत्याच.

आपल्याकडे हळदीच्या दिवसांत कोणालाच सवड नसते. हळद काढायची, शिजवायची, अंगणभर वाळत घालायची, ढोलात घालून घासायची, मग हिंगोलीला न्यायची. त्यामुळे दवाखाना, पाहुणे, घराची डागडुजी, सगळ्यांना एकच उत्तर मिळतं, की हळद झाल्यावर बघू. यात गैर काही नाही. पण इतरांची हळद दोन-तीन महिन्यांत आटोपते. भाऊजींची बारा महिने चाललेली असायची. त्यांच्या घराचा पत्रा गळायला लागला तेव्हा त्यांनी पत्रा बदलला नाही, खाट सरकवली. दुसरीकडे गळायला लागलं, पुन्हा सरकवली. शेवटी खाट उंबऱ्यात आली आणि आल्यागेल्याला त्यांच्या पायांवरून उडी मारून आत जावं लागू लागलं. दाढ दुखायला लागली तर ते डाव्या बाजूने जेवू लागले; डावीही दुखायला लागल्यावर भाकरी सोडून कण्या खाऊ लागले आणि कण्या तब्येतीला किती चांगल्या, हे गावभर सांगत सुटले. एकदा मागच्या खोलीत साप शिरला. भाऊजींनी दार ओढून घेतलं, कडी लावली आणि ती खोली त्याला देऊन टाकली. मी म्हटलं, "अहो, कुणाला तरी बोलवा, काढून घ्या." तर म्हणाले, "राहू द्या वैनी. त्यो आपल्याला काही म्हणून राहिला का?"

मग बांधावरून शेजाऱ्याशी वाद झाला आणि शेजारी रोज फोन करू लागला. भाऊजींकडे धान्य ठेवायची जुनी, शेणाने सारवलेली कणगी अजून आहे, कारण नवी पत्र्याची कोठी हळद झाल्यावर आणायची आहे. त्या कणगीतल्या ज्वारीत त्यांनी फोन कोपरापर्यंत हात घालून पुरून ठेवला. मी विचारलं, बंदच का नाही करत? ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "बंद केला तर त्याला कळंल ना, की मी टाळून राहिलो. वाजू द्या. ज्वारीला काय तकलीफ हाय?"

आम्ही सगळे या गोष्टीवर खूप हसलो. तुमचे आजोबा तर पाहुण्यांना मुद्दाम ती कणगी दाखवायला न्यायचे. आता कोणी हसलं तर मला राग येतो.

वर्षाला दिलं होतं लांबच्या गावात. माणसं चांगली नाहीत हे पहिल्या सणालाच तिच्या तोंडावर दिसत होतं. नवरा हात उचलायचा. एका हळदीच्या सुरुवातीला तिने फोन करून सांगितलं, "बाबा, मला घेऊन जा." भाऊजी म्हणाले, "हळद झाली की येतो, बाई." त्या दिवसापासून बांधाचा वाद नसतानाही फोन ज्वारीत जाऊ लागला.

मी एका सकाळी त्यांच्याकडे भाजी द्यायला गेले होते. कणगीतून दबका आवाज येत होता. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मी पदर खोचला, हात आत घातला, फोन बाहेर काढला आणि "हॅलो" म्हटलं. वर्षाच होती. "काकू? बाबा कुठंयत?" भाऊजी दारातच उभे होते. दोन्ही हात जोडून, मान हलवून मला खुणावत होते, की शेतात गेलेत म्हणून सांगा. मी म्हटलं, "इथंच आहेत. माझ्यासमोर उभे आहेत," आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला. "हं... हं... हां बाई... हळद शिजायला टाकलीय, वाफ धरली का न्हाई बघून येतो," म्हणाले आणि गेले. हळद शिजवायचं चुलाण पेटलेलंच नव्हतं, हे मला त्यांच्या अंगणातून दिसत होतं.

पुढच्याच आठवड्यात वर्षा एकटी सेनगावहून जीपने आली. हाताला प्लास्टर होतं. ती बापाच्या दारावरून पुढे गेली आणि माझ्या दाराशी थांबली. तिची तक्रार नोंदवायला मी गेले, कोर्टाच्या तारखांना मी गेले. ती आपल्याकडे होती तेवढे दिवस भाऊजी शेतात जायला गावाला मागून वळसा घालायचे. त्यांना गुडघेदुखी आहे, तरी.

आता वर्षा हिंगोलीत साडीच्या दुकानात काम करते, वर खोली घेऊन राहते. मंगळवारी तिला सुट्टी असते. आणि दर मंगळवारी भाऊजी पिशवी भरून हिंगोलीची जीप पकडतात. कधी तुरीच्या शेंगा, कधी हरभऱ्याचा हिरवा ढाळा, वर्षाला जे जे आवडतं ते. संध्याकाळी भरलेली पिशवी माझ्या ओट्यावर ठेवतात. "खोलीला कुलूप होतं, वैनी. तुमीच खा." वर्षाला विचारलं तर ती म्हणे, "मी दिवसभर घरीच होते, काकू."

या उन्हाळ्यात मी डॉक्टरला डोळे दाखवायला हिंगोलीला गेले होते आणि तिच्या खोलीत बसले होते. मंगळवार होता. खिडकीतून बघता बघता वर्षा एकदम उठली. गल्लीच्या कोपऱ्यावर भाऊजी पिशवी घेऊन उभे होते. ते वळले, तेवढ्यात ही खाली पोचली. "बाबा!"

ते थांबले. वर खिडकीत मला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. पिशवीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "हळद झाली, बाई."

"झाली का?" वर्षा म्हणाली. "बरं झालं." तिने पिशवी घेतली आणि वर आली.

कैऱ्या होत्या, बांधावरच्या झाडाच्या. तिने धुतल्या, चिरल्या, मीठ-तिखट लावलं. सुरी खाली ठेवून म्हणाली, "वर बोलवू का, काकू?" मला विचारलं की मी लगेच उत्तर देते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी दिलं नाही. ती तिच्या मनानेच खिडकीशी गेली. तोवर गल्ली रिकामी झाली होती.

मी गोरेगावात परतले तर भाऊजी माझ्या ओट्यावर बसलेले. हात रिकामे होते. पहिल्यांदाच.

"वैनी," ते म्हणाले, "आज कुलूप न्हवतं."